मोठीआईला काय आठवत होतं

श्रोतेहो, नमस्कार.

नागपुरात एप्रिल लागला की घराघरांत कूलर खाली उतरतात. ताट्यांत नवा वाळा भरला जातो, पंप सुरू होतो, आणि पहिलं पाणी वाळ्यावरून ओघळलं की तो ओला, मातकट, गोडसर वास घरभर पसरतो. माझ्यापुरतं सांगते. तो वास आला की माझं वय गळून पडतं. महाल भागातल्या आमच्या जुन्या वाड्यात पाणी शिंपडलेल्या फरशीवर मी पालथी पडलेली असते, सात वर्षांची, आणि मोठीआई, माझी थोरली काकू, माझ्या पाठीवरून हात फिरवत असते. मी ते आठवायला बसत नाही. ते आपणहून येतं.

असं का होतं, ते पुढे मी तीस वर्षं विद्यार्थ्यांना फळ्यावर काढून शिकवलं. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं, हाताला लागलेलं, सगळं मेंदूत शिरताना आधी थॅलॅमस नावाच्या नाक्यावर थांबतं आणि मग पुढे जातं. वासाला वाटेत हा नाका लागत नाही. नाकाच्या वर, कवटीच्या आत गंधकंद असतो. तिथून निघालेले तंतू सरळ दोन शेजाऱ्यांच्या उंबरठ्याशी जातात. एक शेजारी अमिग्डाला, बदामाच्या आकाराची छोटीशी गाठ. दुसरा हिप्पोकॅम्पस, समुद्रघोड्यासारखा वळलेला. दोघांची एकेक जोडी, कानशिलांच्या आत खोलवर, एकमेकांना खेटून. आज मला या दोन शेजाऱ्यांबद्दलच बोलायचं आहे, कारण माझ्या घरात एक शेजारी घर सोडून गेला आणि दुसरा राहिला.

हिप्पोकॅम्पसचं काम जगाला कळलं ते एका माणसाच्या नुकसानातून. अमेरिकेतला हेन्री मोलाइसन. फिट्सनी हैराण झालेला तरुण. १९५३ साली, तो सत्तावीस वर्षांचा असताना, विल्यम स्कोव्हिल या शल्यविशारदांनी त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग आणि आसपासचा ऊतक काढून टाकला. फिट्स कमी झाल्या. पण त्या दिवसापासून त्याच्यापुरता काळ थांबला. बोलणं शाबूत, बुद्धी शाबूत, बालपण बऱ्यापैकी आठवणारं. फक्त नवं काहीच मनात ठरेना. जेवण झालं की जेवल्याचं आठवत नसे. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर त्याला तपासायला वर्षानुवर्षं जात राहिल्या, आणि प्रत्येक वेळी त्या त्याला नव्याच भेटत होत्या. २००८ साली, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी तो गेला. तोवर पुस्तकांत त्याची ओळख एच. एम. या दोन अक्षरांपुरतीच होती. या माणसाने आपलं संपूर्ण आयुष्य विज्ञानाला वापरू दिलं. वर्गात त्याची गोष्ट सांगताना दरवर्षी माझा आवाज जड व्हायचा.

मिल्नरबाईंनी त्याला एक काम दिलं होतं. आरशात बघून चांदणीच्या कडेकडेने पेन्सिल फिरवायची. करून बघा, हात उलटाच जातो. हेन्रीचाही गेला. पण रोज करून तीन दिवसांत त्याचा हात सफाईने फिरू लागला, आणि हे आपण आधी कधी केलंय याची त्याला गंधवार्ताही नव्हती. म्हणजे हाताची आठवण वेगळ्या जागी राहते, लहान मेंदूत आणि मेंदूच्या तळाशी असलेल्या गाठींत. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी परत येणार आहे तिच्याकडे.

आता दुसरा शेजारी. १९११ साली जिनिव्हाचे डॉक्टर एदुआर क्लापारेद यांनी एका स्मृतिभ्रंश झालेल्या बाईचा प्रसंग लिहून ठेवला. डॉक्टर रोज तिला भेटत, ती रोज त्यांना विसरे. एक दिवस त्यांनी बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केलं. काही मिनिटांतच ती ते नेहमीसारखंच विसरली, पण त्यांनी पुन्हा हात पुढे करताच तिने आपला मागे ओढला. का, ते तिला सांगता आलं नाही. टाचणी विसरली होती, टोचलेलं राहिलं होतं. हा प्रयोग मला कधीच आवडला नाही. ती बाई कुणाची तरी मोठीआई असेल. पण त्यातून कळलं ते खरं होतं. धोका, कळ, भीती यांची खूण मनावर उमटवण्यात अमिग्डालाचा मोठा वाटा असतो, आणि त्यासाठी प्रसंग आठवावाच लागतो असं नाही.

दोघे शाबूत असतात तेव्हा अमिग्डाला हिप्पोकॅम्पसला ढोसत असते, हे नीट जपून ठेव म्हणून. छाती धडधडते, अ‍ॅड्रेनलिन सुटतं, आणि त्या वेळचं चित्र खोल कोरलं जातं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबती निघतात, इडापीडा घेऊन जावी म्हणून मिरवत नेलेले मोठाले पुतळे. मी पाच वर्षांची असताना इतवारीच्या गर्दीत माझा हात सुटला. समोर काळी मारबत, आजूबाजूला "घेऊन जा गे मारबत" असा गजर. त्या वर्षीचं बाकी काही मला आठवत नाही, पण ते काळं तोंड आजही समोर उभं राहतं. (त्या दिवशी पाऊस होता असं मी छातीठोक सांगते आणि माझा भाऊ ऊन होतं म्हणतो. कोण बरोबर, देव जाणे. भीतीने आठवण गडद होते, अचूक होतेच असं नाही.)

तर मोठीआई. वडिलांच्या मोठ्या भावाची बायको, जिने मला वाढवलं. ऐंशी ओलांडल्यावर तिला अल्झायमर झाला. या आजारात झीज साधारणपणे हिप्पोकॅम्पस आणि त्याच्या उंबरठ्यापाशीच सुरू होते, म्हणून सकाळचा चहा विसरतो आणि लग्नातली पंगत आठवते. तिला तिची इतवारीची दुकानदारी आठवायची. रोज संध्याकाळी विचारायची, "आले का वं हे दुकानातून?"

मोठेबाबा जाऊन अकरा वर्षं झाली होती.

मी शिकवणारी बाई. खरं सांगावं, असं मला वाटे. एका संध्याकाळी तिने पाचव्यांदा विचारलं आणि मी चढ्या आवाजात म्हटलं, "मोठीआई, किती वेळा सांगू, ते गेले ना गं!" ती रडली. नवऱ्याच्या मृत्यूची बातमी पहिल्यांदाच ऐकून रडावी तशी रडली. दहा मिनिटांनी रडण्याचं कारण तिच्या मनातून पुसून गेलं. पण ती माझ्याजवळ बसेना. मी ताट वाढलं तर तिने ते सुनेच्या हातून घेतलं. रात्री झोपेपर्यंत तिचा चेहरा तसाच होता, आणि काय झालं असं विचारलं तर म्हणे, "काही नाही वं."

काही दिवसांनी जस्टिन फाइनस्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा आयोवा विद्यापीठातला २०१० सालचा अभ्यास मी पुन्हा काढून वाचला. हिप्पोकॅम्पसला इजा झालेल्या पाच जणांना त्यांनी दुःखद चित्रफिती दाखवल्या. थोड्या वेळात चित्रफिती जवळजवळ पुसल्या गेल्या, दुःख मात्र राहिलं. २०१४ साली अल्झायमरच्या सतरा रुग्णांबरोबर त्याच विद्यापीठात तसंच करून पाहिलं, आणि ज्यांना कमी आठवत होतं त्यांचं दुःख जास्त टिकलं. हे मी वर्गात शिकवलं होतं. परीक्षेत विचारलं होतं. आणि घरात तेच दुःख माझ्या हाताने तिला दिलं होतं. दुःख होतं पण ते कशाचं हे माहीत नाही, तर माणूस स्वतःची समजूत तरी कशी घालणार?

त्यानंतर तिने विचारलं की मी म्हणायचे, "दुकानात खूप गर्दी असेल. तुला गं, मोठेबाबा पहिल्यांदा कुठे भेटले?" मग ती तासभर बोलायची. तोच तासभर, रोज. शेवटी शेवटी तिला माझं नावही सांगता येईना. मला "बाई" म्हणायची, पण मी उठले की पदर धरायची.

शेवटच्या उन्हाळ्यात गच्चीवर मुंगवड्या घालायला घेतल्या. मुगाची डाळ वाटून, फेटून ठेवली होती. तिला सावलीत खुर्चीवर बसवलं होतं. कुणी काही म्हणायच्या आत ती उठली, धुतल्या कापडाशी येऊन बसली, बोटं पाण्यात बुडवली आणि वड्या टाकायला लागली. सरळ रांगा, एकसारखी बोंडं, आमच्यापेक्षा कितीतरी भराभर. मी विचारलं, "कुठे शिकलीस गं एवढ्या सुंदर वड्या घालायला?"

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "मला कुठे येतात बाई वड्या," ती म्हणाली, आणि पुढची रांग सुरू केली.