मेणाची डबी आणि न पुसणारा रंग

(वेंगुर्ल्यातील महिला बचत गटांच्या मेळाव्यात दिलेलं व्याख्यान. बोलणं लिहून काढताना थोडी काटछाट केली आहे.)

बोलायला लागण्याआधी मला एक हात उसना हवाय. तुम्ही, पुढच्या रांगेतल्या मावशी, या अशा. डावा हात पुढे करा, मनगटाच्या वरचा भाग. हे तीन पट्टे ओढते. पहिला साध्या कांडीच्या लिपस्टिकचा. दुसरा मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांची घट्ट चरबी, घालून केलेल्या रंगीत बामचा. तिसरा या छोट्या बाटलीतल्या पातळ लिपस्टिकचा, ती वाळली की चमक जाते. आता बसा, चहा प्या, भजी खा, पंख्याखाली बसू नका. हात शेवटी बघू.

मला बोलावलं ते 'टिकाऊ लिपस्टिक आणि क्रीम कसं करायचं' हे सांगायला. पण टिकाऊ हा एक शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो. डबीत टिकणं वेगळं, ओठावर टिकणं वेगळं. पहिल्यासाठी माल बिघडता कामा नये, दुसऱ्यासाठी तो हलता कामा नये. डबीत तीन वर्षं राहणारी लिपस्टिक ओठांवर तीन घास टिकत नाही, असं सर्रास होतं. पहिल्या पट्ट्याचं तेच आहे.

ओठावर टिकण्याची युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. माझ्या आजीच्या फणेरपेटीत कुंकवाच्या करंड्याशेजारी मेणाची डबी असायची. आंघोळ झाली की बोटाच्या टोकाने कपाळावर मेणाचा गोल टिकला लावायचा आणि त्यावर कोरडं कुंकू दाबायचं. नुसतं कुंकू घामाबरोबर नाकावर उतरलं असतं. इथे रंग देणारा वेगळा आणि धरून ठेवणारा वेगळा. आम्ही प्रयोगशाळेत कितीही महागडी नावं घेतली तरी काम या दोघांतच वाटलेलं असतं. रंग कोणता घ्यायचा हा प्रश्न बहुतेक वेळा सोपा असतो, डोकं खातं ते धरून ठेवणारं.

साध्या कांडीच्या लिपस्टिकमधे असतं काय? एरंडेल, थोडी इतर तेलं, मेणं आणि तेलात घोटलेला रंग. कांडी उभी राहते ती मेणांमुळे. मधमाशीचं मेण 62 ते 65 अंशाला वितळतं, ब्राझीलच्या ताडाच्या पानावरचं कार्नोबा मेण 82 च्या पुढे. कार्नोबा जास्त घातलं तर कांडी ताठ होते, पण ओठावरून खरवडत जाते. कमी घातलं तर मे महिन्यात पर्समधे वाकते. ओठावर मात्र हा सगळा तेलाचाच मामला. तेल तेलात विरघळतं. सुरमईच्या तुकडीवरचं तेल, सोलकढीतला नारळाचा रस, दोन्ही तो थर सहज उचलतात. ती लिपस्टिक वाईट नाही हो. तिचं कामच तेवढं आहे: लावा, पुन्हा लावा.

न पुसणारी लिपस्टिक गाजवली ती अमेरिकेतल्या हेझेल बिशप या रसायनतज्ज्ञ बाईंनी, 1950 साली. युद्धाच्या काळात त्या तेल कंपनीत विमानाच्या इंधनावर काम करत होत्या, आणि लिपस्टिकचे प्रयोग घरच्या स्वयंपाकघरात करायच्या. त्यांनी वापरले इओसिन या लाल रंगाच्या जातीचे रंग. हे नुसते वर बसत नाहीत, कातडीच्या प्रथिनांना चिकटून डाग पाडतात. जत्रेत हिरवी किंवा केशरी लिपस्टिक मिळते, लावल्यावर ओठ गुलाबी होतात आणि पोरी ओरडतात, ती याच घराण्यातली. तिच्यात जादू काही नाही. पण डागाचा तोटा असा की काही जणींचे ओठ त्याने सुजायचे, सोलायचे. शिवाय डाग नेमका कोरड्या, भेगाळलेल्या जागी जास्त गडद पडतो. आपण भेगा लपवायला लावतो आणि त्या रंगून दिसतात.

आजचा मार्ग तिसऱ्या पट्ट्याचा. या बाटलीत मेण जवळजवळ नाही. एक पटकन उडून जाणारं पातळ द्रव आहे, आयसोडोडेकेन. त्यात एक सिलिकॉनचं राळेसारखं रेझिन विरघळवलेलं असतं आणि रंग मिसळलेला असतो. लावल्यावर मिनिटा-दोन मिनिटांत द्रव उडतं आणि मागे रंगाला आत कोंडून धरणारी पातळ झिल्ली राहते. ही राळ खोबरेलात विरघळत नाही, म्हणून तुकडी खाऊनही जात नाही. गोम अशी की नुसती राळ काचेसारखी कडक असते, आणि ओठ तर दिवसभर ताणला, दुमडला जातो. बोलताना, हसताना, फणसाचा गरा तोंडात कोंबताना. मग झिल्लीला तडे जातात आणि आतल्या कडेने पापुद्रे निघतात. यासाठी राळेबरोबर लवचीक सिलिकॉन घालतात. राळ वाढवली तर टिकतं पण ओढल्यासारखं वाटतं, लवचीक भाग वाढवला तर सुखाचं पण कपाला लागतं. या दोघांतलं प्रमाण जमवण्यात माझी कितीतरी वर्षं गेली, आणि अजून प्रत्येक नव्या रंगाला ते थोडं सरकतं.

हे घरी करू नका, हे इथेच सांगते. आयसोडोडेकेन पेट घेणारं द्रव आहे. गॅसच्या शेजारी त्याची बरणी उघडणं म्हणजे आगीला आमंत्रण.

ओठाला एवढं वेगळं का वागवायचं? त्याला तेलाच्या ग्रंथी जवळजवळ नाहीत, घामाच्या तर नाहीतच, आणि बाहेरचा राखणदार थर फार पातळ. त्यामुळे आतलं पाणी भराभर उडतं. चेहऱ्याची गोष्ट उलटी: तिथे शत्रू आतून येतो. तेल खालून झिरपतं, घाम थराला खालून उचलतो. पुण्यात घाम उडून जातो. इथे हवा आधीच पाण्याने भरलेली, घाम कातडीवर साचून राहतो आणि गालावरचं फाउंडेशन कानाकडे सरकायला लागतं. म्हणून पाणी झटकणारं आवरण चढवलेले रंगद्रव्याचे कण वापरतात आणि लावताना पातळ थर देतात. एक जाड थर दिला की तो आख्खा घसरतो. दशावतारी नट आपला रंग आपणच लावतात आणि रात्रभर, पूर्वी पेट्रोमॅक्सच्या आणि आता विजेच्या दिव्यांच्या उजेडात, नाचतात. रंग कधी आणि किती लावायचा हे त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे.

आता तुमच्या कामाचं: मुठेल.

"पायाक मुठेल लावलंस काय गो?" हे वाक्य ऐकल्याशिवाय आमच्या घरी थंडीत कुणी झोपलं नाही. भिरंडांच्या, म्हणजे कोकमाच्या फळांच्या, बिया वाळवून, फोडून, वाटून पाण्यात उकळायच्या, वर तरंगलेली चरबी काढून थिजवायची आणि मुठीत दाबून गोळे करायचे. मुठीचा आकार, म्हणून मुठेल. ही चरबी साधारण 38 ते 42 अंशांच्या दरम्यान वितळते. म्हणजे ती खोलीत घट्ट राहते आणि चोळली की हळूहळू सुटते. ती पटकन खवट होत नाही, ओठावर जड वाटत नाही. बामसाठी याहून चांगलं आपल्या आवारात दुसरं काही नाही.

पण तिचा एक हट्ट आहे. सुरुवातीला मी पन्नास डब्या भरून मे महिन्यात एसटीच्या पार्सलने मुंबईला पाठवल्या. पाठवल्या तेव्हा लोण्यासारख्या. पोचल्यावर मैत्रिणीचा फोन: "अगं, यात रवा घातलायस का?" बसच्या टपावर बाम वितळला आणि रात्रभर संथपणे थिजला. अशी चरबी संथ गार झाली की तिचे मोठे स्फटिक होतात आणि जिभेला, ओठाला रवाळ लागते. उपाय असा: मुठेल नुसतं वितळेपर्यंत तापवू नका, 70–75 अंशांपर्यंत नेऊन काही वेळ तिथेच ठेवा, म्हणजे जुन्या स्फटिकांचे अंशही उरत नाहीत. मग भरून लगेच गार करा. पाण्याच्या टोपात नव्हे, फ्रीजमधे, झाकण न लावता, नाहीतर आत वाफेचं पाणी धरतं. थोडं मधमाशीचं मेण घातलं की वितळायची पातळीही वर जाते. पार्सलची गोष्ट ध्यानात ठेवून बॅचमधली एक डबी दर वेळी 45 अंशांच्या पेटीत आणि एक फ्रीजमधे ठेवा, मग अदलाबदल करा. पेटी नसेल तर मे महिन्यात काचा लावून बंद केलेल्या गाडीत ठेवा, तीही चालते. कांडीवर तेलाचे थेंब आले तर त्याला लिपस्टिकला घाम फुटला म्हणतात. तिथे तेल आणि मेणाचं जमलेलं नाही.

दोन गैरसमज मला दर मेळाव्यात भेटतात. 'ई जीवनसत्त्व घातलं की क्रीम टिकतं.' ते तेल खवट होणं लांबवतं, बुरशी आणि जंतूंना काही करत नाही. बाममधे पाणी नसतं म्हणून निभतं. क्रीममधे, कोरफडीच्या जेलमधे पाणी असतं, आणि आषाढातल्या दमट हवेत परिरक्षकाशिवाय, म्हणजे प्रिझर्व्हेटिव्हशिवाय, त्याला आठवड्यात ठिपके येतात. दुसरा: 'आगळाचा, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाचा, लाल रंग घालून नैसर्गिक लिपस्टिक.' तो रंग साडीवरून निघत नाही हे मलाही ठाऊक आहे. पण तो पाण्यात विरघळतो, तेलात नाही. बाममधे घातला तर खाली थेंब बसतात. उजेडाने आणि उष्णतेने फिका पडतो, साबणाचा किंवा चुन्याचा संबंध आला की निळसर होतो. आगळ सोलकढीत घाला.

विकायचं असेल तर सौंदर्यप्रसाधन नियम, 2020 लागू होतात, परवाना राज्याच्या औषध प्रशासनाकडून. रंग मानकांत परवानगी असलेलेच वापरायचे, आणि त्यांत शिशाची मर्यादा 20 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 20 भाग, आर्सेनिकची 2 पीपीएम. बाजारातून खुला 'नैसर्गिक सिंदूर' आणून बाममधे घोटू नका, ओठावरचं पोटात जातं.

एका ताईंनी चिठ्ठी दिली आहे: नवरीच्या ओठांवर सकाळी सात ते रात्री नऊ टिकेल असं काही करून द्याल का? करता येईल, पण मी उलट विचारीन की तिला पंगतीत खायचंय की फोटोत उभं राहायचंय? चौदा तास न हलणारी झिल्ली चौदाव्या तासाला ओठांवर वाळक्या सालीसारखी बसते. पाच-सहा तास नीट राहील आणि मग सहज सुटेल, असं करायला मी केव्हाही तयार आहे. आधी तास ठरवा, मग राळ मोजा.

आता मावशी, हात. पहिला पट्टा पसरून बांगडीपर्यंत गेलाय, बघा. दुसरा जवळपास नाहीसा झाला, पण तिथली कातडी मऊ आहे, लावून बघा बोट. तिसरा? मी खोबरेल चोळते... हलला नाही. मावशी विचारतात, "ह्यो आता जातलो कसो?"

खोबरेलाने चोळत बसलात तर कातडी लाल होईल, रंग तसाच राहील. हे हलवून वापरायचं दोन थरांचं रिमूव्हर आहे, वरचा थर त्याच उडणाऱ्या द्रवाच्या जातीचा. कापूस भिजवा, पट्ट्यावर ठेवा, दाबून अर्धं मिनिट धरा. चोळू नका. आता उचला... हं, आला कापसाबरोबर. कडेला राहिलाय तिथे पुन्हा ठेवा.