शाळेचा बँड: मुलांना लवकर घ्यायचं, म्हणजे नेमकं कधी?

श्रोतेहो, नमस्कार.

बँडमध्ये ट्यूबा हे मोठं पितळी वाद्य वाजवायला कुणीच नाही, वाद्यवृंदात व्हिओला, म्हणजे व्हायोलिनहून थोडं मोठं तंतुवाद्य, एकच, आणि सॅक्सोफोन मात्र अकरा! ही तक्रार मोठ्या वर्गांच्या बँडबद्दल केली जाते, पण तिचं मूळ तीन-चार वर्षं मागे असतं, नवशिक्यांना वाद्यं वाटली त्या आठवड्यात. आजचं बोलणं त्या आठवड्याबद्दल आणि त्याच्या आधीच्या काही महिन्यांबद्दल आहे. ऐकणाऱ्यांत संगीत शिक्षक असतील, मुख्याध्यापक असतील, 'आमच्या मुलीला कोणतं वाद्य द्यावं' या विचारात पडलेले आईवडील असतील. तिघांच्याही कामाचं काही ना काही यात आहे.

'मुलांना लवकर घ्या' असं सगळेच म्हणतात. या 'लवकर'चे अर्थ दोन. एक वयाचा, दुसरा तारखेचा. वयात घाई केली तर नुकसान होतं, तारखेत उशीर केला तर होतं. आणि बहुतेक ठिकाणी वयात घाई आणि तारखेत उशीर, असंच चाललेलं दिसतं.

आधी वय पाहू. व्हायोलिन आणि चेलो लहान मापांत मिळतात: पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण. पावाहून लहानही असतात. त्यामुळे ही वाद्यं तीन-चार वर्षांच्या मुलालाही देता येतात. जपानचे व्हायोलिन शिक्षक शिनिची सुझुकी यांची पद्धत तर याच वयावर उभी आहे, आणि त्या पद्धतीच्या बऱ्याच वर्गांत मुलाच्या हाती आधी खोक्याचं खोटं व्हायोलिन देतात. उभं कसं राहायचं, धरायचं कसं, हे त्यावरच पक्कं होतं. शाळेच्या वर्गात एका शिक्षकासमोर वीस मुलं असतात, तिथे आठ-नऊ वर्षांचं वय सोयीचं. माप ठरवायची साधी रीत अशी: व्हायोलिन खांद्यावर ठेवून मुलाला डावा हात त्याच्या टोकापर्यंत न्यायला सांगा. बोटं टोकाच्या वळणाभोवती सहज वळली आणि कोपर किंचित वाकलेलं राहिलं, तर माप बरोबर. कोपर ताठ झालं, तर वाद्य मोठं. 'पुढच्या वर्षी उंची वाढणारच आहे' म्हणून मोठं वाद्य घेतलं की मनगट कोसळतं, खांदा वर चढतो आणि करंगळी तारेपर्यंत पोचत नाही. कपडे वाढत्या अंगाचे घेता येतात, व्हायोलिन नाही.

फुंकून वाजवायच्या वाद्यांना अशी सूट कमी. क्लॅरिनेटच्या माउथपीसवर, म्हणजे तोंडात धरायच्या भागावर, वरचे पुढचे दात टेकतात, म्हणजे ते कायमचे आणि घट्ट हवेत. मधले वरचे दात साधारण सातव्या-आठव्या वर्षी येतात, शेजारचे त्यानंतर. शिवाय क्लॅरिनेटची भोकं बोटाच्या पेरांनीच झाकायची असतात. बोटं बारीक असली की कडेनं हवा सुटते आणि वाद्य किंचाळतं. मुलाला वाटतं आपण चुकलो, आणि खरं तर चुकलेलं असतं फक्त वय. सॅक्सोफोनला झाकणं असतात, त्यामुळे बोटांचा प्रश्न येत नाही, पण वजन गळ्यात येतं. फ्लूट आडवी धरताना उजवा हात लांब जातो, म्हणून लहान मुलांसाठी वळवलेलं डोकं, म्हणजे फुंकायचा भाग, लावलेली फ्लूट वापरतात. ट्रॉम्बोनच्या दांड्याच्या सात जागा असतात आणि सहावी-सातवी लहान हाताला गाठता येत नाही, पण पहिल्या वर्षी त्यांची गरज फारशी लागत नाही, त्यामुळे यासाठी मुलाला नाकारू नये. एकंदरीत नऊ ते अकरा हे वय फुंकवाद्यांना चांगलं. ओबो आणि बासून या फुंकवाद्यांना दुहेरी रीड, म्हणजे फुंकल्यावर थरथरणारी बोरूची जोडपट्टी, लागते, ती नाजूक आणि लहरी असते. ही वाद्यं पहिल्याच वर्षी न देता, फ्लूट किंवा क्लॅरिनेटवर वर्षभर काढलेल्या मुलाकडे सोपवणं शहाणपणाचं.

आणखी एक सवय सोडायला हवी: परीक्षा घेऊन मुलं गाळणं. मानसशास्त्रज्ञ कार्ल सीशोर यांनी १९१९ मध्ये सांगीतिक क्षमतेच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या आणि पुढे अशा चाचण्यांवरून मुलं निवडायची प्रथा पडली. नंतर संगीत शिक्षणाचे अभ्यासक एडविन गॉर्डन यांनीही चाचण्या तयार केल्या, पण त्यांचंच म्हणणं असं की साधारण नऊ वर्षांपर्यंत ही क्षमता भोवतालच्या संगीतानुसार वरखाली होत राहते. तेव्हा आठ वर्षांच्या मुलाला 'सुराचं अंग नाही' म्हणून परत पाठवणं हा त्याच्यावर अन्याय, आणि बँडचाही तोटा.

आता तारीख. समजा, ६० मुलं सुरू झाली आणि दरवर्षी त्यातलं दर चौथं मूल सोडून गेलं. दुसऱ्या वर्षी ४५ उरतात, तिसऱ्या वर्षी ३४ च्या आसपास, चौथ्या वर्षी जेमतेम २५. पंचवीस मुलांत धड बँड उभा राहत नाही. म्हणून वरच्या बँडला किती मुलं हवीत ते आधी ठरवून उलटं मोजत खाली या, आणि तेवढ्या मुलांची भरती कुठल्या तारखेला सुरू करायची तेही असंच उलटं मोजून ठरवा. विषय निवडीचा फॉर्म ज्या दिवशी मुलांच्या हाती पडतो, तो दिवस म्हणजे तुमची सीमारेषा. त्याच्या निदान तीन आठवडे आधी मुलांनी वाद्यं पाहिलेली, ऐकलेली, तोंडाला लावलेली हवीत. फॉर्म वाटल्यावर जाहिरात करणाऱ्या शिक्षकाला चित्रकला आणि खेळ यांतून उरलेली मुलं मिळतात. त्याही आधी, वेळापत्रक बनवणाऱ्यांशी बोलणं हवं. बँडचा तास आणि एखादा लाडका विषय समोरासमोर आला, तर कितीही सुंदर कार्यक्रम करा, मुलं येणार नाहीत.

शाळा बदलते तिथे गळती सर्वांत जास्त. पाचवीची मुलं सहावीला दुसऱ्या इमारतीत जात असतील, तर तिथला बँड शिक्षक त्यांनी आधी पाहिलेला असावा. वर्षातून दोन-तीन वेळा त्यानं खालच्या वर्गात येऊन एखादं गाणं शिकवलं, मुलांना नावानं हाक मारली, एवढंही पुरतं. अनोळखी माणसाच्या वर्गात जायला मूल बिचकतं, आणि 'बँड नको' असं म्हणून मोकळं होतं.

वाद्यं दाखवायचा कार्यक्रम २५ ते ३० मिनिटांचा पुरे. वाजवायला शाळेतली सर्वांत तयार मुलं आणू नका. एक किंवा दोन वर्षं पुढे असलेली आणा. मोठ्यांचा बँड ऐकून टाळ्या पडतात, पण 'हे मला जमेल' असं वाटतं ते शेजारच्या वर्गातल्या मुलीनं ट्रम्पेटवर सोपी चाल वाजवल्यावर. प्रत्येक वाद्याला ४० सेकंद द्या आणि चाल सगळ्यांना येत असलेली ठेवा. सुरुवात ट्यूबा, व्हिओला, हॉर्न (गोल वळवलेलं पितळी वाद्य) अशा मागे पडणाऱ्या वाद्यांनी करा. ड्रम शेवटी ठेवलात तर मुलं डोक्यात ड्रमच घेऊन घरी जातील, म्हणून तो मध्येच उरकून टाका.

कुणाच्या हाती कोणतं वाद्य द्यायचं, याचाही विचार हवा. हॅरोल्ड एबल्स आणि सुझन पोर्टर या संशोधकांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं की फ्लूट आणि व्हायोलिन मुलींची, ड्रम आणि ट्रॉम्बोन मुलांची, अशी समजूत मोठ्यांतही असते आणि लहानांतही. ही समजूत भाषणानं जात नाही. ट्रॉम्बोन मुलगी वाजवताना दिसली आणि फ्लूट मुलगा, की ती आपोआप थोडी सैल होते.

यानंतर वाद्य लावून पाहायचा दिवस. माझ्या मते सगळ्या भरतीत याहून महत्त्वाचा दिवस नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

मुलांना गटानं न आणता वेळ ठरवून एकेकाला बोलवा. एका वाद्याला चार-पाच मिनिटं, एका मुलाला तीन वाद्यं. पूर्ण वाद्य हातात देऊ नका, तुकडा द्या. फ्लूटचं फक्त डोकं: टोक तळहातानं बंद करून फुंकायला सांगा, मग उघडून. सूर चार सेकंद टिकला तर छान. क्लॅरिनेटचा माउथपीस आणि त्याखालचा छोटा नळकांडीसारखा भाग एकत्र लावून फुंकला की पियानोवरचा एफ शार्प यायला हवा. सूर त्याहून खाली राहत असेल, तर ओठ सैल आहेत. आल्टो सॅक्सोफोनच्या नुसत्या माउथपीसवर पियानोवरच्या ए च्या जवळचा सूर येतो. पितळी वाद्यांसाठी आधी नुसते ओठ थरथरवायचे, मग माउथपीस लावून सूर वर नेत खाली आणायचा. ज्याला वर जाणं सोपं वाटतं त्याला ट्रम्पेट द्या. ज्याचा खालचा सूर जाड आणि शांत येतो, त्याच्यासाठी ट्रॉम्बोन, युफोनियम (लहान ट्यूबासारखं वाद्य), ट्यूबा. हॉर्नचे सूर एकमेकांना अगदी चिकटून असतात. तिथे बोटं तीच राहतात आणि सूर भलताच निघतो. म्हणून हॉर्नसाठी पियानोवर सूर देऊन तो गळ्यातून काढायला सांगा. ज्याला तो हुबेहूब गाता येतो, त्याच्याकडेच हॉर्न जावा. ड्रमसाठी पायानं ठेका धरून हातानं वेगळा नमुना वाजवायला सांगा. नमुना बदलला की पायही बदलत असेल, तर थोडं थांबावं.

दातांना तारा आहेत, ओठ जाड आहेत, म्हणून अमुक वाद्य नाही, असे नियम ऐकायला मिळतात. त्यांच्यावर फार विसंबू नका. मुलानं फुंकल्यावर सूर येतो की नाही, तेवढं बघा. वरच्या ओठाच्या मधोमध खाली आलेलं टोक मात्र फ्लूटला अडचणीचं ठरतं, कारण हवेचा झोत दुभंगतो. अशा मुलाला फ्लूट थोडी बाजूला सरकवून बघा, पुष्कळदा जमतं.

स्वच्छतेत आळस नको. प्रत्येक प्रकारचे निदान तीन माउथपीस ठेवा: एक वापरात, एक जंतुनाशकात, एक वाळत. जंतुनाशक किती वेळ लागून राहायला हवं ते बाटलीवर लिहिलेलं असतं, तेवढा वेळ द्यायचाच. कडक रबराचे माउथपीस गरम पाण्यात टाकले की त्यांचा रंग उतरतो, म्हणून पाणी कोमट. बोरूची रीड एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाऊच नये. या दिवसापुरती प्लॅस्टिकची रीड घ्या, ती धुता येते.

जाताना प्रत्येक मुलाच्या कागदावर तिन्ही वाद्यांना एक ते पाच गुण द्या, आणि मुलाला आवडीनुसार तीन पर्याय लिहायला सांगा. एकच पर्याय विचारलात की तो वचन होऊन बसतो. मग दुसरं वाद्य दिलं की रडू येतं.

साठ मुलांच्या बँडची वाटणी साधारण अशी धरावी: फ्लूट ८, क्लॅरिनेट १५, सॅक्सोफोन ७, ट्रम्पेट १०, हॉर्न ४, ट्रॉम्बोन ७, युफोनियम ३, ट्यूबा २, तालवाद्यं ४. चाळीस मुलांच्या तंतुवाद्यवृंदात व्हायोलिन २०, व्हिओला ८, चेलो ८, डबल बास ४. पुष्कळ शाळा सगळ्यांना व्हायोलिन देतात आणि नंतर त्यातल्या काहींना व्हिओलाकडे वळवतात. वळवली जातात ती नेमकी मागे पडलेली मुलं. मग व्हिओला म्हणजे शिक्षा, अशी समजूत वर्गात रुजते. व्हिओलाही लहान मापांत मिळतो, तेव्हा तो पहिल्या दिवसापासूनच द्यावा.

पालकांच्या सभेत वाद्यांचं कौतुक दहा मिनिटांत आटपा. पालकांचे प्रश्न ठरलेले असतात. भाड्यानं मिळेल का? मोडलं तर दुरुस्ती कोण करणार? कुठला तास बुडणार? घरी किती वेळ वाजवायचं? शेवटच्याचं उत्तर सोपं आहे, सुरुवातीला रोज १५ ते २० मिनिटं. खरेदीबद्दल एकच आग्रह धरा: शिक्षकाला दाखवल्याशिवाय काही विकत घ्यायचं नाही. चकचकीत स्वस्त वाद्यांच्या पट्ट्या मऊ धातूच्या असतात, त्या वाकतात. व्हॉल्व्ह अडकतात. सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून कारागीर हातही लावत नाही. ट्यूबा, युफोनियम, हॉर्न, डबल बास ही महाग वाद्यं शाळेनं स्वतः ठेवावीत. चेलोच्या मुलांसाठी शाळेत एक आणि घरी एक अशी सोय झाली, तर रोजच्या ने-आणीला कंटाळून होणारी गळती थांबते.

फॉर्म परत यायची तारीख उलटली की हातात तीन याद्या असतात. 'हो' म्हणणारे, 'नाही' म्हणणारे, आणि ज्यांचा कागदच आला नाही ते. तिसरी यादी सर्वांत मोलाची. तिच्यात नकार नसतो, दप्तराच्या तळाशी चुरगळलेला कागद असतो. त्या प्रत्येक घरी फोन करा. 'दाखवायच्या दिवशी तिनं ट्रॉम्बोन छान वाजवला होता' एवढं एक वाक्य फॉर्मवरच्या दहा ओळींहून जास्त काम करतं, आणि त्यासाठीच त्या दिवशी गुण लिहून ठेवायचे असतात.

वाद्य मोठ्या सुट्टीच्या तोंडावर देऊ नका. सुट्टीभर मूल चुकीची पकड पक्की करतं, किंवा पेटी पलंगाखाली जाते. पहिल्या तासाच्या आठवड्यातच द्या. आठ-दहा आठवड्यांत पाच सुरांचा छोटा कार्यक्रम ठेवा आणि त्याची तारीख पालकांना सभेतच सांगून टाका. आणि वाद्यं वाटताना प्रत्येक पेटीवर नावाच्या दोन चिठ्ठ्या लावा, एक बाहेर, एक झाकणाच्या आत. पंधरा क्लॅरिनेटच्या पंधरा काळ्या पेट्या एकसारख्या असतात, बाहेरची चिठ्ठी पहिल्याच पावसात निघते, आणि दुसऱ्याच्या माउथपीसवर वाजवलेला आठवडा कुणाच्याच लक्षात येत नाही.

नमस्कार.