खोडलेला ‘ही’

(दृश्य : रिकामं सभागृह. टेबलावर ओळीने मांडलेली स्मृतिचिन्हं. माइकची खरखर.)

निवेदन :

खुर्च्या लावून झाल्या. स्मृतिचिन्हं मोजून झाली. माइक दोनदा खरखरला, तिसऱ्यांदा सरळ झाला. उद्या इथे विद्यापीठातल्या अभियांत्रिकीच्या गुणवंत विद्यार्थिनींचा गौरव समारंभ आहे, आणि नवल म्हणजे सगळं वेळेत झालंय. अडलंय ते एका कागदापाशी.

हा मानपत्राचा मसुदा. स्थापत्य शाखेच्या शेवटच्या वर्षातल्या एका मुलीसाठी. निवड समितीने लिहिलंय : ‘अत्यंत मेहनती, शिस्तप्रिय आणि नम्र विद्यार्थिनी. अभ्यासात सातत्य. सर्वांना सांभाळून घेण्याचा स्वभाव. इतर मुलींपुढे आदर्श.’

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. ही मुलगी, ही समिती आणि हे सभागृह आम्ही या फिल्मपुरतं उभं केलंय. मसुद्यासाठी मात्र डोकं खाजवावं लागलं नाही. असे मसुदे तयारच असतात. नाव बदललं की झालं.

वाचायला गोड आहे. पण पुन्हा वाचा. या मुलीने केलं काय? ती पूल तपासते, पाण्याच्या टाक्या बांधते की नुसती वेळेवर हजर राहते? चार ओळी संपल्या तरी पत्ता लागत नाही.

(दृश्य : जुन्या तांत्रिक विद्यालयाची छायाचित्रं.)

आणि हा मसुदा आजचा नाही. शंभराहून अधिक वर्षं तो असाच फिरतोय.

एलिसा लिओनिदा झाम्फिरेस्कू रुमानियातल्या. बुखारेस्टच्या पूल आणि रस्ते विद्यालयात त्यांनी प्रवेश मागितला. मुलगी म्हणून नकार आला. १९०९ मध्ये त्या बर्लिनच्या शार्लोटेनबुर्गमधल्या शाही तंत्र अकादमीत दाखल झाल्या. तिथल्या एका अधिष्ठात्याने त्यांना चर्च, मुलं आणि स्वयंपाकघर यांत लक्ष घाला असं सुनावलं, अशी गोष्ट सांगतात. १९१२ मध्ये पदवी हातात आली तेव्हा म्हणे कौतुकही झालं : ‘मेहनतींमधली सर्वांत मेहनती’.

पुढे रुमानियाच्या भूगर्भ संस्थेच्या प्रयोगशाळा या बाईंनी चालवल्या. खनिजांचं पृथक्करण हे त्यांचं काम. ते मेहनतीने होतं हे खरं, पण नुसत्या मेहनतीने होत नाही. वर्गातल्या हुशार मुलाला कुणी ‘किती मेहनती’ म्हणालं, तर त्याच्या घरचे जरा खट्टूच होतील, नाही का?

(दृश्य : दोन कार्बनच्या कांड्या, मध्ये पेटलेला प्रखर आर्क. फुसफुसण्याचा आवाज.)

आता हा आवाज ऐका.

हा आर्क लॅम्प. साधे विजेचे बल्ब सगळीकडे पोचण्याआधी मोठ्या शहरांतले रस्ते याच्या उजेडात चालायचे. दोन कार्बनच्या कांड्या, मध्ये फट आणि फटीत डोळे दिपवणारा झोत. पण हे दिवे मधूनच फुसफुसायचे, लुकलुकायचे. लोक वैतागायचे. कारण हर्था आयर्टन यांनी शोधलं. कांडीच्या टोकाला खळगा पडतो, त्यात हवेतला ऑक्सिजन शिरतो, तापलेल्या कार्बनला भिडतो आणि दिवा फुसफुसू लागतो.

१८९९ मध्ये ब्रिटनच्या विद्युत अभियंत्यांच्या संस्थेपुढे हा निबंध त्यांनी स्वतः वाचला. संस्थेने त्यांना सभासद करून घेतलं. तिथल्या त्या पहिल्या स्त्री सभासद. दोन वर्षांनी रॉयल सोसायटी या ब्रिटनच्या मानाच्या विज्ञान संस्थेपुढे त्यांचा निबंध आला, तेव्हा तो वाचायला उभे राहिले जॉन पेरी, कारण स्त्रीने वाचायची तिथे परवानगी नव्हती. १९०२ मध्ये फेलो, म्हणजे तिथला मानाचा सभासद, म्हणून त्यांचं नाव सुचवलं गेलं. उत्तर आलं, विवाहित स्त्रीला फेलो करून घेण्याची सोय कायद्यात नाही.

आणि १९०६ मध्ये त्याच रॉयल सोसायटीने त्यांना ह्यूज पदक दिलं.

म्हणजे काम मान्य, पदक मान्य. बाई तेवढी बाहेर. हे पदक दुसऱ्या स्त्रीला मिळायला २००८ साल उजाडलं.

(दृश्य : तळहातावर ठेवलेला एक छोटा धातूचा बिल्ला.)

विद्यार्थिनींच्या बाबतीत हीच युक्ती जास्त सफाईने झाली. टाउ बीटा पाय ही अमेरिकेतल्या अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची सर्वांत जुनी मानाची संस्था. १८८५ मध्ये लिहाय विद्यापीठात निघाली. वर्गात वरच्या क्रमांकावर असलेल्यांनाच ती बोलावते. तिच्या बिल्ल्याला ‘बेंट’ म्हणतात. पुलाला खालून पेलणारा जो सांगाडा असतो, त्याचा तो आकार.

मुली गुणांनी या यादीत बसू लागल्या आणि पंचाईत झाली. नियमाप्रमाणे सभासद फक्त पुरुष. मग १९३० च्या दशकात तोडगा निघाला : मुलींसाठी वेगळा ‘विमेन्स बॅज’. हुशारी तीच, परीक्षा त्याच. छातीवर बिल्ला लावा, सभासद मात्र तुम्ही नाही. दार उघडायला १९६९ यावं लागलं.

आम्हाला हा बिल्ला फार बोलका वाटतो. तो देणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं. उलट त्यांना या मुलींचं कौतुकच होतं. फक्त कौतुक उंबऱ्यावर उभं राहून केलं.

(दृश्य : सभागृहाबाहेरचा जिना. पायऱ्यांवर बसलेल्या विद्यार्थिनी, मांडीवर लॅपटॉप.)

म्हणूनच ‘मुलींसाठी वेगळा पुरस्कार कशाला?’ हा प्रश्न फाटे फोडणारा म्हणून झटकून टाकू नये. तो बरेचदा मुलीच विचारतात. जिला सरसकट पहिलं यायचंय, तिला ‘मुलींत पहिली’ हे टोचतं. आमचं मत विचाराल तर, वेगळ्या पुरस्काराला हरकत नाही. फक्त शेजारची यादी बघावी. विद्यापीठाच्या सुवर्णपदकासाठी, सर्वोत्तम प्रकल्पासाठी याच मुलींची नावं गेली आहेत का? गेली असतील, तर हा पुरस्कार वरचा तुरा. गेली नसतील, तर तो बिल्ला.

(दृश्य : पदवी प्रमाणपत्राचा कोरा नमुना. कॅमेरा एका शब्दावर थांबतो.)

आता एक प्रमाणपत्र.

मद्रासचं गिंडी अभियांत्रिकी कॉलेज, १९४०. ए. ललिता विद्युत शाखेत प्रवेश घेतात. अठराव्या वर्षी वैधव्य आलेलं, पदरात लहान मुलगी. वडील याच कॉलेजात विद्युत अभियांत्रिकीचे प्राध्यापक. त्यांनी प्राचार्यांकडे शब्द टाकला आणि परवानगी मिळाली. मागोमाग पी. के. थ्रेसिया आणि लीलम्मा जॉर्ज या दोघीही कॉलेजात आल्या. मुली इथवर येतील हे छापखान्याच्या गावीही नव्हतं. पदवीच्या मजकुरात इंग्रजी ‘ही’, म्हणजे ‘तो’, छापलेला होता. तो खोडून त्या जागी ‘शी’ लिहावं लागलं.

मराठी कानाला यात गंमत वाटते. आपल्याकडे ‘ही’ म्हटलं की मुलगीच डोळ्यांपुढे येते. तिकडे मुलीसाठी ‘ही’ खोडावा लागला.

ललितांनी पुढे भाक्रा नांगल धरणाच्या वीजवाहिन्यांच्या आराखड्यांवर काम केलं. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला स्त्री अभियंत्या आणि वैज्ञानिकांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिला त्या गेल्या. थ्रेसिया १९७१ मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या.

खोडाखोड केलेलं प्रमाणपत्र दिसायला काही चांगलं नसतं. पण त्या खोडाखोडीत कुणीतरी थांबून बघितलं होतं, की समोर उभं कोण आहे. बिल्ल्यापेक्षा आम्हाला हा कागद आवडतो. बिल्ला नवा पाडला, नियम जुनाच ठेवला. इथे नियमाचा कागदच दुरुस्त केला.

उशीर झाला की दुरुस्ती कशी होते, तेही बघा. नोरा स्टँटन ब्लॅच, १९०५, कॉर्नेल विद्यापीठाची स्थापत्यची पदवी. अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने कनिष्ठ सभासद केलं, १९१६ मध्ये वरच्या पायरीवर घ्यायला नकार दिला. त्या कोर्टात गेल्या, हरल्या. २०१५ मध्ये संस्थेने त्यांना फेलो केलं. त्यांना जाऊन तेव्हा ४४ वर्षं झाली होती.

(दृश्य : समितीची खोली. टेबलावर अर्जांचा गठ्ठा.)

‘हे सगळं जुनं झालं,’ समितीतले एक सर म्हणतात. ‘आता कोण भेदभाव करतं?’

मुद्दाम कुणी करत नाही, हे खरं. २०१२ मध्ये येलच्या संशोधकांनी विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांपुढे प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या जागेसाठी एक अर्ज ठेवला. सगळ्यांना तोच अर्ज, तेच गुण. फरक एवढाच, की निम्म्यांच्या अर्जावर नाव जॉन, निम्म्यांच्या अर्जावर जेनिफर. जॉन जास्त लायक ठरला. त्याला वर्षाला सरासरी ३० हजार डॉलरच्या आसपास पगार सुचवला गेला, जेनिफरला साडेसव्वीस हजारांच्या आसपास. आणि कमी गुण देण्यात प्राध्यापिकाही मागे नव्हत्या.

त्याआधी, २००३ मध्ये, ट्रिक्स आणि सेन्का या दोघी अभ्यासकांनी वैद्यकीय अध्यापकांची ३०० हून अधिक शिफारसपत्रं चाळली होती. स्त्रियांची पत्रं सरासरीने आखूड. त्यांत कष्टाचा, घासून काम करण्याचा उल्लेख जास्त. पुरुषांच्या पत्रांत संशोधनाचा. क्षेत्र वैद्यकाचं, पण आपल्या मसुद्याशी त्याची सोयरीक ओळखू येते.

सर गप्प होतात. समितीतल्या मॅडम मसुदा पुन्हा हातात घेतात. सोबत प्रकल्प मार्गदर्शकांचा फॉर्म आहे. चौघांचा गट, तीन मुलगे आणि ही. तिच्या नावापुढे लिहिलंय : ‘समन्वय, अहवाल लेखन, सादरीकरण’.

जिने वर्कशॉपमध्ये चार वर्षं काढली आहेत, तिला ही वाटणी नवीन नाही. गट पडला की कुणीतरी म्हणतंच, ‘तुझं अक्षर चांगलं आहे, रिपोर्ट तू लिही.’ अहवाल आता टाइप होतो, तरी अक्षर चांगलं!

मॅडम उठतात. प्रयोगशाळेत जातात. तिथल्या मामांकडून उपकरणं नेल्या-आणल्याची वही मागून घेतात.

(दृश्य : वहीची पानं. बोट एकेका ओळीवरून खाली सरकतं.)

कंपनमापक, दोन नग. नेल्याची सही, परत केल्याची सही. पान उलटतं. पुन्हा तेच उपकरण, पुन्हा तीच सही. अकरा वेळा. अकराही वेळा हिची.

(दृश्य : विद्यापीठाच्या आवारातला लोखंडी पादचारी पूल. पहाट.)

तर तिने केलं ते हे.

या पुलावरून गर्दी निघाली की तो खालीवर डुलतो. पडणार नाही, पण पाय टाकताना पोटात गोळा येतो. माणूस साधारण सेकंदाला दोन पावलं टाकतो. पुलाची स्वतःची डुलण्याची लय त्याच्या आसपास असेल, तर प्रत्येक पाऊल झोक्याला दिलेल्या धक्क्यासारखं लागू पडतं. लंडनचा मिलेनियम पूल २००० मध्ये उघडला आणि दोनच दिवसांत बंद करावा लागला, तोही असल्याच कारणाने. तिथे डुलणं आडवं होतं.

पूल मोकळा मिळावा म्हणून ती पहाटे यायची. मध्यावर कंपनमापक ठेवायचं, टाचांवर उठून एकदा धप्पकन बसायचं आणि पूल शांत होईपर्यंत आलेख घ्यायचा. आकडा मिळाला : सेकंदाला २.१ वेळा. म्हणजे चालणाऱ्या पायांच्या बरोबर वाटेत.

उपाय ठाऊक असलेला आहे, नवा नाही. पुलाच्या पोटाखाली स्प्रिंगवर एक वजन टांगायचं. वजनाची लय पुलाच्या लयीशी जुळवली, की पूल वर निघताना वजन खाली ओढतं आणि डुलणं आपल्या अंगावर घेतं. अवघड आहे ती जुळवणी. २.१ साठी वजन लावल्यावर स्प्रिंग सुमारे ५६ मिलिमीटर खाली बसली पाहिजे. तिची पहिली स्प्रिंग सत्तरच्या जवळ गेली. दुसरी वाकडी निघाली. तिसरी तिने वर्कशॉपमध्ये उभं राहून वळवून घेतली आणि मोजपट्टी लावून बघितली.

(दृश्य : समितीची खोली. टेबलावरचा दिवा. मॅडम लिहितात.)

जुना मसुदा बाजूला पडतो. ‘नम्र’ जातं. ‘इतर मुलींपुढे आदर्श’ जातं. ‘मेहनती’ राहावं असं सरांना वाटतं. अकरा सह्या बघून मॅडमही मान डोलावतात. मग शेजारी पूल येतो, लय येते, वजन येतं, स्प्रिंग येते. मानपत्र आठ ओळींचं होतं. मार्गदर्शकांना फोन जातो आणि विद्यापीठाच्या सर्वोत्तम प्रकल्पाच्या यादीतही एक नाव वाढतं. ती यादी बंद व्हायला अजून एक दिवस होता.

रात्री उशिरा मजकूर छापायला जातो.

(दृश्य : दुसरा दिवस. भरलेलं सभागृह. पडद्यामागे रांगेत उभ्या विद्यार्थिनी.)

नावं पुकारली जातायत. ती रांगेत पाचवी. सूत्रसंचालकाच्या हातातलं स्वतःचं मानपत्र तिने वाचायला मागून घेतलंय. ओठ हलतायत. सहाव्या ओळीपाशी थांबते. रांग सोडून विंगेत उभ्या मॅडमकडे जाते.

‘मॅडम, आकडा उलटा छापलाय. १.२ झालंय.’

‘आता? पुढचं नाव तुझंच आहे.’

‘पण १.२ ला तो पूल डुलणारच नाही, मॅडम. माणसं एवढी सावकाश चालतच नाहीत.’

मॅडम चष्मा वर करून ओळ बघतात. सूत्रसंचालकाच्या खिशातलं पेन काढून तिच्या हातात देतात.

(दृश्य : मानपत्र जवळून. छापील १.२ वर एक आडवी रेघ. वर निळ्या शाईत, किंचित तिरकं : २.१.)