घरातली पाणीपातळी

अध्यक्षांनी माझी ओळख 'कोल्हापूरची सून' अशी करून दिली ते बरं झालं. 'लेक' म्हणाले असते तर आत्तींनी तिसऱ्या रांगेतून हरकत घेतली असती. मी पुण्याची. लग्न होऊन इथं आले, तेव्हा आपल्याला मराठी येतं असा माझा समज होता.

लग्नाला आठवडा झालेला. आत्ती देवळाला निघाल्या. इथं सासूला आत्ती आणि सासऱ्याला मामा म्हणायचं, एवढं मी तोवर शिकले होते. जाता जाता म्हणाल्या, "आमटीला फोडणी दे, दोन चमचे चटणी घाल." आमटीत चटणी? असेल बाई इथली पद्धत. मी कोथिंबीर निवडली, ओलं खोबरं, हिरवी मिरची, वर लिंबू पिळलं, चिमूटभर साखरही टाकली. मिक्सरवर छान वाटली आणि सोडली आमटीत. मामांनी ताटात वाकून बघितलं. भला माणूस! भुरका मारला, जरा थांबले आणि म्हणाले, "कोण आजारी हाय काय घरात?"

तर चटणी म्हणजे ती वर्षाची कांदा-लसणाची, हे मला त्या दिवशी कळलं. आणि ती कशी होते, ते त्याच एप्रिलात. रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी. मिरच्यांचे देठ खुडून गच्चीवर ऊन द्यायचं. कांदा तळायचा, खोबरं, तीळ, धणे भाजायचे. त्या दिवशी आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा शिंकतं. मग डबे घेऊन मिरची कांडायच्या डंकावर. तिथं आत्ती नाकाला पदर लावून शेवटपर्यंत उभ्या. का, तर आधीच्या बाईची चटणी आपल्यात मिसळली तर! डंकवाल्याला त्या दर दोन मिनिटांनी सूचना देतात. तो 'व्हय काकी' म्हणतो आणि त्याला हवं तेच करतो.

त्याच दिवशी मामा बाहेरून आले आणि उंबऱ्यातूनच माझ्या नवऱ्याला हळूच विचारलं, "पाणी किती?" तो म्हणाला, "अडतीस." मी उठून बॅरल बघून आले. चांगलं काठोकाठ भरलेलं.

आता तुम्ही हसताय, कारण तुम्हाला ठाऊक आहे. पावसाळ्यात अख्खं कोल्हापूर सकाळी उठून पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारतं. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. आमच्या घरात हे माप बारा महिने चालतं, आणि ते पंचगंगेचं नसतं. चाळिशी ओलांडली की मामा पेपर घेऊन गच्चीवर जातात. भांडी आदळायला लागली, की "राधानगरीचा सहा नंबरचा दरवाजा उघडला." तिथले सातही दरवाजे स्वयंचलित, धरण भरलं की कुणाला न विचारता उघडतात, एकेकातून १४२८ क्युसेक. आत्तींचंही तसंच, फक्त क्युसेक मोजायला कुणी थांबत नाही. २०१९ साली पाणी खरोखरच ५५ फुटांवर गेलं, तेव्हा मात्र महिनाभर घरात कुणी फूट हा शब्द काढला नाही.

आत्तींना हे माप माहीत नाही, अशी आम्हा सगळ्यांची वर्षानुवर्षं खात्री होती.

मागच्या महिन्यात माझा मुलगा रात्री साडेबाराला आला. सांगितलं होतं दहाला. मी जेवण झाकून सोफ्यावर बसलेली. दाराशी आत्ती. पोराच्या पायात नवी करकरणारी कोल्हापुरी, त्यामुळं तो गल्लीच्या तोंडाशी असतानाच आम्हाला कळलेलं. त्यानं फटीतून आजीला विचारलं, "आज्जी, आईचं पाणी किती?"

आत्तींनी मान वळवून माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाल्या, "साडेबेचाळीस. चप्पल हातात घे आणि मागल्या दारानं ये."