शिवनेरीवरचं आणखी एक नाव

मंडळी, जुन्नर म्हटलं की आपली नजर आपसूक शिवनेरीकडे वळते. १६३० साली जिथं शिवराय जन्मले, त्या गडाकडे ती वळायलाच हवी. आज मी मात्र त्याच गडावरच्या आणखी एका नावापासून सुरुवात करणार आहे. इरिल.

शिवनेरीच्या कड्यात बौद्ध लेणी आहेत. तिथं एका शिलालेखात ब्राह्मी अक्षरांत इरिल नावाच्या यवनाचं, म्हणजे त्या काळच्या बोलीत ग्रीक माणसाचं, दान कोरलंय: ‘बे पोढियो’. पोढी म्हणजे पाण्याचं टाकं. आणि ‘बे’? शाळेत आपण ‘बे एके बे’ घोकलं, तोच हा बे! परमुलखातून आलेला माणूस आपल्या डोंगरात दोन टाकी देतो आणि ते आपल्याच शब्दांत लिहून ठेवतो. पहिल्यांदा हा लेख समजला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता.

हा माणूस इथं आला कसा, याचं उत्तर नाणेघाटात आहे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवर उतरलेला माल याच वाटेनं जुन्नरला चढायचा. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, जकात त्यात टाकत असं म्हणतात. तिथल्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. कोणते यज्ञ केले, दक्षिणा किती दिली, सगळा हिशेब मांडलाय. गाई, हत्ती, घोडे, कार्षापणं म्हणजे तेव्हाची नाणी. आपल्या अंकांचे फार जुने नमुने या भिंतीवर आहेत. समोर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता वर फक्त नावं दिसतात आणि खाली पावलांच्या खुणा. त्या पावलांपाशी घटकाभर बसा. तिथं चिप्सची पाकिटं पडलेली बघून जीव तुटतो.

तालुक्यात लेणी दोनशेहून अधिक आहेत, पण ती सगळी राजांनी खोदवली असं समजू नका. एक लेणं आणि पोढी धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनं, म्हणजे संघानं, दिली आहे. बांबूकाम करणारे, कासार, यांच्या श्रेणींचीही नावं इथल्या लेखांत आहेत. बाजारपेठेतल्या माणसांनी हा डोंगर कोरवलाय.

खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या तुम्ही रोज येता-जाता बघता, खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूपांचं ते काम. त्यावर एक वेगळं व्याख्यान व्हायला हवं.

मला शेवटी नारायणगावला यायचंय. पाडव्याच्या सुमारास तिथं तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी जत्रेची सुपारी द्यायला येतात. याच गावाचं नाव तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग यांनी आडनावासारखं लावलं, नारायणगावकर. खेळ चालू असताना कळा आल्या, आत जाऊन बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, असं सांगतात. राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, तरी अखेरची वर्षं ओढगस्तीतच गेली. जानेवारी २००२ मध्ये त्या गेल्या. आज राज्य शासनाचा तमाशातला जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावानं दिला जातो.

इरिलचं नाव दगडावर आहे म्हणून आपल्याला कळलं. विठाबाईंचा खेळ डोळ्यांनी पाहिलेली माणसं मात्र आज या सभागृहात बसली आहेत. त्यांनी आता उठून बोलावं, मी माईक त्यांच्याकडे देतो.