पोचा कुठं आहे, त्यावर भाव

(दृश्य: दुकानाचं शटर अर्धं वर. छताच्या हुकांना टांगलेल्या फ्रेम. कॅमेरा खालून वर.)

चाकं नाहीत, हँडल नाही, सीट नाही. नुसत्या सायकलच्या फ्रेम. साताऱ्यात मोती चौकालगतच्या एका बोळातलं हे सायकल दुरुस्तीचं दुकान, मिस्त्रींचं. यातली एखादी फ्रेम कॉलेज संपल्यावर विकलेली, एखादी बदली होऊन गेलेल्या साहेबांची, आणि बऱ्याचशा भंगारवाल्याच्या हातगाडीवरून उतरवून घेतलेल्या. किलोच्या भावानं वितळायला निघाल्या होत्या. मिस्त्रींनी दोन रुपये जास्त दिले म्हणून इथं लटकल्यात.

जवळजवळ प्रत्येकीला कुठं ना कुठं पोचा आहे.

(दृश्य: दुकानाच्या पायरीवर टेकवलेली काळी-चंदेरी सायकल. शेजारी एक मुलगी.)

ही सायकल दुकानाची नाही. इंजिनिअरिंगला असलेल्या या मुलीनं मोबाईलवर जाहिरात पाहून ती बघायला आणलीय. मालक 9,000 म्हणतोय. पैसे अजून दिलेले नाहीत, आधी मिस्त्रींना दाखवू म्हणाली. जाहिरातीतले फोटो आम्हीही पाहिले. सायकल उजवीकडून, सायकल समोरून, सायकल सूर्यास्तासमोर. पोचा डाव्या अंगाला आहे.

(दृश्य: यवतेश्वर घाट. वळणं. उतारावरून येणारे सायकलस्वार.)

तिला जायचंय कासला. समर्थ मंदिराच्या पुढं रस्ता चढायला लागतो, यवतेश्वरचा घाट संपला की पठाराची वाट सुरू. साताऱ्यापासून साधारण 25 किलोमीटर. पश्चिम घाटाच्या ज्या जागा 2012 साली जागतिक वारशाच्या यादीत गेल्या, त्यात हे पठार आहे, आणि तेव्हापासून सप्टेंबरातल्या रविवारी या रस्त्यावर सायकलला जागा मिळवावी लागते, ते असो. चढताना दमतो तो माणूस. फ्रेमची परीक्षा उतरताना. पुढचा ब्रेक दाबला की पुढचं चाक धरणारा चिमटा मागं रेटला जातो, आणि तो सगळा रेटा हेडच्या, म्हणजे हँडल ज्यात फिरतं त्या नळीच्या मागं, पेडलकडं उतरणाऱ्या तिरक्या नळीच्या तोंडाशी येऊन बसतो. तिथं काही बिघडलेलं असेल तर ते घाटातच कळतं.

(दृश्य: मिस्त्रींचा हात, अगदी जवळून. बोट नळीवरून सरकतंय.)

मिस्त्री पोच्याकडं बघतच नाहीत. सायकल उलटी करतात आणि बोट थेट तिरक्या नळीच्या पोटाला लावतात, हेडपासून चार बोटं मागं.

“डोळं मीट,” ते तिला म्हणतात. “आता हितनं हितपर्यंत बोट फिरव. काय लागतंय का?”

“काहीतरी लागतंय काका. बारीक लाट असल्यासारखं.”

“असल्यासारखं न्हाई. हाय.”

ही लाट डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आम्ही बॅटरी आडवी धरून चित्रण केलं. नळीवर पडलेली उजेडाची सरळ रेघ तेवढ्या जागी थरथरते. सायकल समोरून कशावर तरी आदळली की पुढचं चाक मागं येतं, चिमटा मागं येतो आणि नळीचं पोट चुरमडतं. पार्किंगमध्ये आडवी पडून अशी लाट येत नाही. डाव्या अंगाचा जो पोचा दाखवून मालकानं “किरकोळ आहे” म्हटलं होतं, तो खरंच किरकोळ होता. या लाटेविषयी तो काही बोलला नव्हता.

(दृश्य: ब्लेडनं खरवडलेला रंग. चिंधी. बाटली.)

आता जे चाललंय ते कुठल्याही शोरूममध्ये बघायला मिळणार नाही, म्हणून सगळं दाखवतो.

लाटेच्या कडेला, वेल्डिंगच्या टाक्याजवळ, रंगाला केसाएवढी रेघ आहे. रेघ रंगाची की धातूची? मिस्त्री ब्लेडनं तेवढा रंग काढतात, मग पॉलिश पेपर फिरवतात. रंगाचाच तडा असता तर इथंच गेला असता. रेघ अंधूक राहिली. मग चिंधीवर रॉकेलचे चार थेंब. जागा भिजवायची, मुरू द्यायचं, कोरड्या फडक्यानं स्वच्छ पुसायचं. त्यावर खडूची पूड भुरभुरवायची आणि हात लावायचा नाही. पृष्ठभागावरचं रॉकेल पुसलं गेलंय, पण फटीत शिरलेलं आतच आहे. ते हळूहळू खडूत चढतं.

(दृश्य: खडूची पांढरी पूड. त्यात उमटत जाणारी काळसर रेघ. इथं निवेदन थांबेल.)

रेल्वेच्या कारखान्यांत वाफेच्या इंजिनांचे भाग एकेकाळी याच तऱ्हेनं तपासत, तेल आणि खडू वापरून. या दुकानात कागदावर लिहिलेलं काही नाही. मिस्त्रींना त्यांच्या वस्तादांनी दाखवलं, त्यांना कुणी दाखवलं ते विचारायचं राहिलं नाही, त्यांनाच माहीत नाही.

ही फ्रेम ॲल्युमिनियमची आहे. त्यामुळं निकाल लगेच लागतो. पोलादाचं एक असतं, ठरावीक मर्यादेच्या आतला ताण ते कितीही वेळा सोसतं. ॲल्युमिनियमला तशी मर्यादा नाही. प्रत्येक खड्डा, प्रत्येक हिसका तडा थोडा थोडा पुढं नेत राहतो. वरून वेल्डिंग मारून घेऊ म्हणावं, तर फ्रेममध्ये सर्रास वापरतात ते 6061 जातीचं ॲल्युमिनियम भट्टीत ठराविक तापमानाला ताववून, थंड करून कडक केलेलं असतं. टाका मारला की आजूबाजूचा पट्टा पुन्हा मऊ पडतो. दिसायला जोड भक्कम, जोडाशेजारी नळी कच्ची. अशी नळी उतारावर तुटली तर हँडल हातात राहतं आणि चाक वेगळं जातं.

(दृश्य: कागदाच्या पाठीवर पेन्सिलनं मांडलेला हिशोब.)

म्हणून सायकल फुकट गेली असं नाही. मिस्त्री किंमत उलट्या बाजूनं काढतात. चाकांचे इतके, गिअरचे इतके, डिस्क ब्रेक आणि क्रँकचे इतके. फ्रेमच्या नावापुढं शून्य. बेरीज 4,000 च्या आसपास येते. “एवढ्याला देत आसंल तर घे. सामान काढून घ्यायचं, फ्रेम कापून भंगारात. कापूनच द्यायची, न्हाईतर दुसरा कुणीतरी रंग मारून इकतोय.”

मालकाला फोन लागला. तो 8,000 वर आला आणि तिथंच अडला. सायकल परत गेली.

(दृश्य: हुकावरून खाली येणारी निळी फ्रेम. धूळ.)

आता ही निळी, पोलादी. स्टिकर उडालेत, कुठल्या कंपनीची ते कळायला मार्ग नाही. वरच्या नळीवर मधोमध रुपयाएवढा पोचा, लांबूनही दिसावा असा. काळ्या-चंदेरीपेक्षा कितीतरी वाईट दिसते. मुलीच्या चेहऱ्यावरही ते आहे.

मिस्त्री सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा, ओढून काढतात. सहज निघतो. ही चांगली खूण, कारण ॲल्युमिनियमचा सीटपोस्ट पोलादी नळीत वर्षानुवर्षं न हलवता राहिला तर गंजून असा धरतो की शेवटी करवतीनं कापावा लागतो. मग बारीक मापं घ्यायचा व्हर्निअर लावतात.

(दृश्य: व्हर्निअरचे आकडे.)

27.2 मिलिमीटर. या आकड्यावर मिस्त्री पहिल्यांदा हसले. अशा पोलादी फ्रेमची सीटची नळी बाहेरून सहसा 28.6 मिलिमीटर असते. आतला पोस्ट 27.2 चा बसतो म्हणजे नळीची जाडी जेमतेम पाऊण मिलिमीटर. साध्या, स्वस्त पोलादाची इतकी पातळ नळी कुणी सहसा करत नाही, तिथं जाड नळी आणि बारीक पोस्ट असतो. स्टिकर नसू दे, आतलं माप सांगतंय की पोलाद चांगलं आहे.

अशा नळ्या सगळीकडे सारख्या जाड नसतात. टोकांना जाड, मधे पातळ. बर्मिंगहॅमच्या रेनल्ड्सनं 1897 साली या तऱ्हेच्या नळीचं पेटंट घेतलं, आणि चांगल्या पोलादी फ्रेम आजही तशाच बनतात. फ्रेमवर ताण येतो तो मुख्यतः जोडांजवळ, म्हणून धातू तिथं ठेवायचा आणि मधलं वजन कमी करायचं. त्यामुळंच मधे पोचा पटकन पडतो. त्यामुळंच तो तिथं चालूनही जातो.

पोचा पडला कसा, हे मिस्त्री दाखवतात. चिमटा आणि हँडल तात्पुरतं बसवतात, हँडल गर्रकन फिरवतात. ब्रेकच्या मुठीचं टोक बरोब्बर पोच्यात येऊन बसतं.

(दृश्य: तोच क्षण, संथ गतीनं.)

सायकल भिंतीला टेकवली, हँडल फिरलं, सायकल पडली. बस. पोच्याच्या कडा गोल आहेत, घडी पडलेली नाही, रंगाला तडा नाही. हाच पोचा हेडजवळ असता, किंवा कडा धारदार असत्या, तर मिस्त्रींनी फ्रेम पुन्हा हुकाला लावली असती.

(दृश्य: सुतळी.)

आता सुतळी. मागच्या चाकाचा एक्सल बसतो त्या खाचेला एक टोक बांधायचं, तिथून पुढं हेडला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेत आणायचं, ताणून बांधायचं. मग सीटच्या नळीपासून सुतळी किती लांब, ते दोन्हीकडे मोजायचं. डावीकडे 31 मिलिमीटर, उजवीकडे 32. मिलिमीटरभर फरक मिस्त्री मनावर घेत नाहीत. तीन-चार असता तर फ्रेम कुठंतरी वाकलीय असं धरून चालले असते.

सुतळी पीळ दाखवत नाही. त्यासाठी मिस्त्री समोर उकिडवे बसतात, एक डोळा मिटतात, आणि हेडची नळी सीटच्या नळीला समांतर आहे का ते बघतात. आमच्या कॅमेरामननं तेच लेन्समधून करून पाहिलं. दोन्ही नळ्या एकीमागं एक लपल्या.

(दृश्य: लाकडी ठोकळे, ग्रीस, शिकंजा.)

यापुढचं काम करायलाच हवं होतं असं नाही. पण ते बघण्यासारखं आहे. एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून करून घेतलेले हे दोन ठोकळे, आत नळीच्या मापाची अर्धी अर्धी खोबण. ग्रीस लावायचं, नळीवर दोन्हीकडून बसवायचे, शिकंज्यात जरा आवळायचे आणि फ्रेम हातानं फिरवायची. पुन्हा थोडं आवळायचं, पुन्हा फिरवायचं. पोच्याभोवती धातूचा जो उंचवटा उठलेला असतो तो दबतो आणि खड्डा काही अंशी वर येतो. गोल पोलादी नळीवरच हे चालतं. ॲल्युमिनियमवर केलं तर तडा जाण्याची भीती.

घाईचं काम नाही हे. मिस्त्री मधेच चहा सांगतात.

(दृश्य: ठोकळे निघतात. नळीवरून ग्रीस पुसलं जातं.)

पोचा निम्म्यानं कमी झाला. मुलगी म्हणाली, “उरलेला लांबी-पुट्टी भरून रंगवू या ना काका.”

“रंग नको. उद्या हितं काय चिरलं तर दिसाय पायजे की. लांबीखाली काय दिसतंय?”

ताकद परत आली का, हेही तिनं विचारलं. “न्हाई. दिसायला बरं झालं. ताकद व्हती तेवढीच हाय, आन् ती पुरेशी हाय.”

मागच्या खाचांमधलं अंतर 126 मिलिमीटर भरलं. जुन्या रोड सायकलींचं हेच माप, नंतरच्यांचं 130. पोलाद असल्यानं मिस्त्री ते दोन्ही बाजूंनी सारखं पसरून घेतील, म्हणजे बाजारात सहज मिळणारं चाक बसेल. फ्रेम तिच्या मापाची आहे का, हे तिला उभं करून सगळ्यात आधीच पाहिलं होतं. ते चित्रित झालेलं नाही.

(दृश्य: घासाघीस. हातांच्या खुणा.)

फ्रेम आणि चिमट्याचे मिस्त्रींनी 2,500 सांगितले. मुलीनं पोच्यावर बोट ठेवलं आणि 1,800 म्हणाली. मिस्त्रींनी व्हर्निअर उचलून पुन्हा दाखवला. 2,200 ला जमलं, हेडच्या बेअरिंगचे कप आणि ग्रीस धरून.

बीबीच्या, म्हणजे पेडलचा आस बसतो त्या नळीच्या, खालचा गंज घासल्यावर फ्रेमचा नंबर दिसला. तो पावतीवर उतरवून मिस्त्रींनी खाली सही केली. चाकं पुढच्या आठवड्यात बसतील. पहिल्या महिन्यात घाट उतरून आली की फ्रेम दाखवायला आणायची, असं ठरलं. त्याचे पैसे पडणार नाहीत.