आडनाव काय म्हणालात?

श्रोतेहो, नमस्कार.

जूनमध्ये लातूरच्या ट्यूशन एरियात चक्कर मारा. नांदेड, बीड, धाराशिवहून आलेले बाप लेकरांना घेऊन दारोदार रूम शोधत असतात. मीही गेलो होतो, उदगीरच्या एका मित्रासोबत. मालकांनी कुलूप काढून रूम दाखवली, भाडं सांगितलं. जिना उतरताना विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" मित्र मुसलमान. आडनाव ऐकलं आणि मालकांना आठवलं, की रूम तर कालच गेली.

फाटकाबाहेर मित्र म्हणाला, "हे कायद्यात बसतं का?"

दुकानात झालं असतं तर उत्तर सोपं होतं. संविधानाचं कलम १५(२) सांगतं, की धर्म, जात, लिंग, जन्मस्थान अशा कारणांवरून दुकानात, हॉटेलात कुणाला अडवता येणार नाही. दुकान खासगी असलं तरीही. नोव्हेंबर १९४८ मध्ये, म्हणजे आपल्याकडची निजामी जाऊन जेमतेम अडीच महिने झालेले, संविधान सभेत विचारणा झाली: यात लाँड्री, दाढीचं सलूनही येतं का? बाबासाहेब म्हणाले, सेवा देणारा कुणीही येतो.

अस्पृश्यतेसाठी तर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे. माल किंवा सेवा द्यायची ती इतरांना देता त्याच वेळी, त्याच जागी, त्याच अटींवर. म्हणजे चहा दिला पण दलित गिऱ्हाइकाचा कप वेगळ्या खिळ्याला टांगला, तरी गुन्हा. गिऱ्हाईक अनुसूचित जातीचं असेल, तर कृत्य अस्पृश्यतेतूनच झालं असं कोर्ट धरून चालतं. तसं नव्हतं हे दुकानदारानं सिद्ध करायचं. शिक्षा झाली तर परवानाही जाऊ शकतो. दंड मात्र शंभर ते पाचशे रुपये. आजच्या भावात एका जेवणाचं बिल! अॅट्रॉसिटीचा कायदा त्याहून कडक आहे, तो लागला तर गोष्ट वेगळी.

याच १९५५ च्या कायद्यात राहत्या घराचाही उल्लेख आहे. मित्राच्या जागी दलित बाप असता, तर अस्पृश्यतेवरून रूम नाकारली म्हणून पोलिसात जाता आलं असतं. एचआयव्हीबाधित भाडेकरूला त्या कारणावरून घर नाकारायला २०१७ च्या कायद्यानं बंदी आहे. पण निव्वळ धर्मावरून खासगी मालकानं रूम नाकारली, तर त्याला धरायला सरळ कलम नाही. उलट २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं गुजरातमधल्या एका पारशी हाउसिंग सोसायटीला सभासदत्व पारशांपुरतं ठेवू दिलं.

हे सगळं मी फाटकाबाहेर उभ्या उभ्या सांगितलं. मित्र म्हणाला, "म्हणजे चहा मिळंल, खोली नाही."

रूम मिळाली, रात्री नऊला, तीन गल्ल्या पुढं. तिथल्या मावशींनीही आडनाव विचारलं. डिपॉझिट मोजून झाल्यावर, पावतीवर लिहायला.